एका घरात दोन कौल

मालवणला जाऊन आलेली माणसं पिशव्या भरभरून काजू आणतात, कोकमाचं आगळ आणतात, खाजं आणतात. मीही ते सगळं आणलं. शिवाय जाताना नाशिकहून सोबत नेलेला हेवा होता, तोही परत आणला. तिकडची हवा त्याला मानवली, चांगला बाळसं धरून आला. जे अजून तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहायला बसलो आहे. समुद्र, मासे, लाल माती सगळं येईल, पण मधेमधे माझं जळणंही येईल. त्याला माझ्याकडे औषध नाही.

मी डोळ्यांचा डॉक्टर. जिच्याकडे गेलो होतो ती मृणाल परब माझी कॉलेजातली मैत्रीण, तीही डोळ्यांचीच डॉक्टर. परीक्षेत ती कायम माझ्या एक पाऊल पुढे. शिक्षण संपल्यावर ती मोठ्या शहरातली नोकरी सोडून सरळ मालवणला, आपल्या गावी गेली, तेव्हा आम्ही सगळे हळहळलो. माझी हळहळ जरा आनंदाची होती. म्हटलं, बरं झालं, एक स्पर्धक कमी.

पण योग असा की आता आम्ही दोघं एकाच अभ्यासात आहोत. उन्हात, वाऱ्यात, धुळीत राबणाऱ्या माणसांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक मांसल पडदा वाढायला लागतो आणि हळूहळू बुबुळावर चढतो. आम्ही त्याला टेरिजियम म्हणतो. ऑपरेशन करून तो काढता येतो, पण हट्टी असतो, पुष्कळदा परत वाढतो. तो परत येऊ नये म्हणून ऑपरेशननंतर घालायच्या नव्या थेंबांची चाचणी चालू आहे. माझ्याकडचे पेशंट द्राक्षबागांतले, तिच्याकडचे समुद्रावरचे. काहींना नेहमीचे थेंब, काहींना नवे. बाटल्या दिसायला अगदी सारख्या, वरचा नंबर तेवढा वेगळा. कोणाला कुठली बाटली जाणार हे कॉम्प्युटर ठरवतो. आत काय आहे ते पेशंटलाही ठाऊक नसतं आणि आम्हालाही. म्हणजे कोणाची आशा, कोणाचा लाड मधे यायला नको. मग पेशंटनं वर्षभर ठरल्या दिवशी येऊन डोळा दाखवायचा.

ठरल्या दिवशी यायचं, इथंच माझं घोडं पेंड खात होतं. माझे निम्मे पेशंट येईनासे झाले होते. मृणालचे सगळे येत होते. सगळे! आणि याच्या पुढचा मोठा अभ्यास कुठल्या केंद्राच्या हाती द्यायचा हे समितीला आता ठरवायचं होतं, नाशिक की मालवण. त्याआधी दोघांनी एकमेकांची केंद्रं पाहून यावीत असं ठरलं. मृणाल पावसाळ्यात नाशिकला येऊन गेली होती. तिनं सगळं पाहिलं, नीटनेटकं आहे म्हणाली आणि निघताना एवढंच विचारलं, "कुणाच्या घरी जातोस का रे?" मी हसण्यावारी नेलं. दवाखाना असताना घरी कशाला जायचं?

आता माझी पाळी होती. मी तिच्या कामात खोट काढायला चाललो होतो, हे सरळच सांगून टाकतो.

कुडाळ

कुडाळ स्टेशनाबाहेर मृणाल स्कूटरवर उभी होती. डोक्यावर रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा.

"हे काय सोंग?" मी विचारलं.

"जाहिरात आहे ती," ती म्हणाली. "ऊन आणि वारा डोळ्यात गेला नाही तर हा आजार मुळात होणारच नाही कित्येकांना. पण दर्यावर जाणाऱ्यांना गॉगल घाला म्हटलं की लाजतात. बायका मला विचारतात, ह्यांका हिरो कित्या करतास गो? म्हणून मीच आधी हिरो झाले."

बॅग पायापाशी कोंबून आम्ही निघालो. मार्च लागला होता. आंब्यांना सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या, काजूच्या बोंडांचा आंबूस वास रस्ताभर सोबत होता, आणि दोन्हीकडे लाल चिऱ्यांचे गडगे. आमच्याकडे कुंपण म्हणजे तारा आणि खांब, पलीकडचं सगळं दिसतं. इथं गडग्यापलीकडे नुसती झाडांची डोकी आणि कुणाच्या तरी हसण्याचा आवाज.

वाटेत तिला दहा ठिकाणी थांबावं लागलं. सायकलवरून नारळ नेणारा एक म्हातारा आडवाच आला. "डॉक्टरीणबाय, बुधवारी येवचा आसा मां?"

"होय तर. चुकव नको हां," मृणाल म्हणाली.

"चुकवतलंय कसो? कौल घेतलोलो आसा!"

मला त्यातलं काही कळलं नाही, पण पोटात दुखायला लागलं. नाशिकच्या बाजारात माझा पेशंट मला दिसला तर तो भाजीच्या गाड्यामागे होतो. कारण त्याची तारीख चुकलेली असते.

घरी पोचल्यावर तिनं जेवायला वाढलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, बांगड्याचं तिखलं, भात आणि वर सोलकढी. तिखल्यात तिरफळं घालतात. ती नुसती स्वादासाठी असतात, चावायची नसतात. हे मला मृणालनं मी ती चावल्यावर सांगितलं. अर्धा तास माझी जीभ माझी नव्हती. तोवर तीच बोलत होती, आणि कुठला पेशंट कधी आला होता, त्याच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं, सगळं तिला तोंडपाठ. मला माझ्या पेशंटांचे डोळे आठवतात. चेहरे आठवत नाहीत.

मालवण

तिचा दवाखाना म्हणजे चिऱ्याचं बसकं घर, पुढे पडवी, पडवीत बाक. बाकावर माणसं अशी बसली होती जणू लग्नाला आली आहेत. एक जण मुंबईला मुलाकडे गेला होता, तो तारीख आहे म्हणून परत आला होता. एका बाईनं मृणालसाठी ओले काजू सोलून आणले होते. ओले काजू सोलताना हात चिकानं भाजतात, म्हणजे हे काय प्रेम असेल बघा. मला नाशिकमध्ये दिवाळीला मिठाईचे बॉक्स येतात, पण ते औषध कंपन्यांचे.

दवाखान्याचा सगळा कारभार फिलोमिनाबाईंकडे. त्या बांद्याकडच्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या. आवाज अजून वर्गातलाच. नवा पेशंट आला की अभ्यास म्हणजे काय ते त्या समजावतात. मी कान टवकारून बसलो. कारण हेच समजावताना माझी बोबडी वळते. मी म्हणतो, तुम्हाला कुठलं औषध मिळेल हे यंत्र ठरवेल. पेशंट म्हणतो, म्हणजे लॉटरी. मी म्हणतो, तसंच काहीसं. मग तो विचारतो, मला लागली का? आणि आपल्याला लागली नसावी असं ज्याला वाटतं तो पुन्हा तोंड दाखवत नाही.

फिलोमिनाबाईंपुढे एक आडदांड खलाशी बसला होता. त्या म्हणाल्या, "बगा, देवळात तुम्ही कौल लावतास. फुल उजवीकडचा पडतला की डावीकडचा, ता गुरवाच्या हातात आसा काय?"

"नाय."

"तुमच्या हातात?"

"नाय."

"तसाच ह्या. खंयची बाटली तुमका गावतली, ता डॉक्टरीणबायच्या हातात नाय, माझ्या हातात नाय. कॉम्प्युटर कौल देता. आणि कौल दिल्यार मगे?"

"पाळूक व्हयोच," खलाशी म्हणाला, आणि अंगठ्याऐवजी झोकात सही करून उठला.

मी थक्क झालो. देवाच्या अंगावर फुलं लावायची, प्रश्न विचारायचा, आणि कुठल्या बाजूचं पडतं त्यावरून उत्तर समजायचं. पेरणीपासून सोयरिकीपर्यंत ह्या माणसांनी असं विचारलेलं. आपण निवडायचं नाही, निवड वरून येते आणि ती मानायची, हे त्यांना आम्ही काय शिकवणार? ते त्यांच्या अंगातच होतं. फिलोमिनाबाईंनी फक्त त्यावर बोट ठेवलं.

"तुम्ही चर्चला जाणाऱ्या," मी त्यांना छेडलं, "आणि कौलाचं सांगता?"

"देवळात जाणाऱ्यांका देवळातला सांगतंय," त्या म्हणाल्या. मग माझ्या शहरी कपड्यांकडे बघून शुद्ध मराठीवर आल्या, "आमच्या चर्चमधली माणसं आली की चिठ्ठ्या टाकल्याचं सांगते. तुम्ही आलात तर तुम्हाला परीक्षेच्या बैठक क्रमांकाचं सांगेन."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, पण मला आतून वाटलं, हा एक शब्द माझ्याकडे का नाही? द्राक्षबागांत कौल लावत नाहीत म्हणून माझा अभ्यास बुडायचा? चहाबरोबर खाजं आलं होतं, आल्याचा झणका असलेलं, ते मी रागाने कुडूम कुडूम खाल्लं.

किनाऱ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल मला दवाखान्याच्या गाडीतून किनाऱ्यावरच्या एका गावात घेऊन गेली. तिथं रापण लागली होती. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेलं लांबलचक जाळं. त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन रांगांत उभी राहून माणसं ते ओढतात. सगळा गाव ओढतो. आणि रीत अशी की जो दोरीला हात लावेल त्याला माशांचा वाटा मिळतो, मग तो गावचा असो नाहीतर वाटसरू.

सदानंद आणि गजानन हे दोघे भाऊ दोरीवर होते. दोघांच्याही डोळ्यांचं ऑपरेशन मृणालनं केलेलं, दोघेही अभ्यासात. तिनं त्यांना बाजूला घेऊन तिथंच वाळूत उभं करून बॅटरीनं डोळे पाहिले. बुबुळं लखलखीत, पडद्याचं नाव नाही. ती पुढच्या घरी गेली आणि मला म्हणाली, "ओढ जरा, जेवण पचेल."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रांगेत उभा राहिलो. आमच्याकडे द्राक्षाची तोड होते तेव्हा मालक बांधावर आणि मजूर वेलीखाली. इथं कोण मालक ते शेवटपर्यंत कळलं नाही. गजानन ओरडून ताल देत होता, दोरी ओली, तळहात सोलून निघत होते, आणि मला चक्क मजा येत होती. तेवढ्यात पुढच्या माणसाने ओढलेल्या दोरीची वेटोळी मागे फेकली आणि त्याबरोबर ओंजळभर वाळू माझ्या उघड्या डोळ्यात. डोळ्यांच्या डॉक्टरच्या डोळ्यात. काळा चष्मा मी खिशात ठेवला होता, फोटोत बरा दिसत नाही म्हणून.

"चला, वैनीकडे चला," गजानन म्हणाला आणि मला आंधळ्यासारखं हाताला धरून माडांमधल्या त्यांच्या घरी नेलं. मोठ्या भावाची बायको सुलभावैनी अंगणात सुकट वाळत घालत होत्या. त्यांनी तांब्यानं डोळ्यावर पाणी ओतलं, सारखं, न थांबता, अगदी पाहिजे तसं. वाळू गेली. डोळा लाल झाला आणि चुरचुरत राहिला.

"थांबा, थेंब घालतंय," म्हणून त्या आत गेल्या आणि देवाच्या फळीवरून बाटल्या घेऊन आल्या. दोन बाटल्या. अभ्यासातल्या. नंबर वेगवेगळे.

"आता सकाळ, म्हणजे ही," त्या म्हणाल्या आणि एकीचं टोपण काढायला लागल्या.

"म्हणजे?" मी उठूनच बसलो. "ही कुणाची?"

"दोगांची. ही आमच्या ह्यांका गावली, ती भावजींका. पण एका घरात दोन कौल कशे चालतले? कौल घराक येता, माणसाक नाय. म्हणान दोगांकाय दोनय घालतंय. सकाळी ही, सांजेक ती. सारखो वाटो." आणि हसून म्हणाल्या, "आज तुम्ही दोरी वडलास, म्हणजे तुमचोय वाटो आसा."

वाचकहो, ज्यांना यातलं गांभीर्य कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमचा सगळा अभ्यास एवढ्यावर उभा आहे की एकाला हे औषध आणि दुसऱ्याला ते. दोघांनी दोन्ही घेतली की कशाने गुण आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हे दोघे भाऊ अभ्यासातून बाद. आणि मृणालकडे एकेका घरातले दोन-दोन, तीन-तीन पेशंट होते. ज्या शब्दाने तिची माणसं तारखेला धावत येत होती, त्याच शब्दाने तिच्या चाचणीला भोक पाडलं होतं.

मला आनंद झाला. उकळ्या फुटतात म्हणतात ना, तसा. डोळा चुरचुरत होता आणि मला गुणगुणावंसं वाटत होतं.

"नको नको, बरं आहे आता," मी म्हणालो. सुलभावैनी बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. मी बाटल्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं, नंबर मनात घोकले आणि उठलो. किनाऱ्यावर वाटे पडायला लागले होते, चांदीसारखे तारले. कुणीतरी मला हाकही मारली. मी माझा वाटा न घेताच गाडीत जाऊन बसलो.

सावंतवाडी

दुपारी सावंतवाडीच्या एका शाळेत मुलांचे डोळे तपासायचं शिबिर होतं. मृणाल आणि फिलोमिनाबाई कामाला लागल्या. मी माझ्या गुपितासह चितारआळीत फिरायला गेलो. तिथं लाकडाची रंगीत फळं करतात. इतकी हुबेहूब की हात लावल्याशिवाय कळत नाही. आंबा, फणस, सीताफळ, आणि द्राक्षांचा घोस. मी तो घोस घेतला.

"खंयसून इलास?" दुकानदारानं विचारलं.

"नाशिक."

"नाशकाक द्राक्षां नेतास?" असं म्हणून तो शेजारच्या दुकानदाराला हाका मारायला लागला. मी घोस पिशवीत टाकून पळालो.

संध्याकाळी तळ्याच्या काठावर बसलो होतो. पाण्यात राजवाड्याच्या बाजूचे दिवे उतरायला लागले होते. मृणालनं विचारलं, "आज गप्प गप्प आहेस. काय झालं?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. ती मैत्रीण, मी मित्र, आणि दोघंही एकाच चाचणीतले. पण उद्या सकाळी समितीबरोबर कॉम्प्युटरवर बैठक होती आणि मला ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. तिनं पहिल्यांदा माझ्यामागे उभं राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

"डोळा दुखतोय, वाळू गेली होती," मी म्हणालो.

तिनं ताबडतोब पर्समधून बॅटरी काढली, भर रस्त्यात माझी पापणी उलटी केली आणि डोळा पाहिला. फिरायला आलेली दोन कुटुंबं थांबून बघायला लागली. "काही नाही, जरासं खरचटलंय," असं म्हणून तिनं थेंब घातले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हेही मला सहन झालं नाही.

परत मालवणला पोचल्यावर तिच्या पडवीत काळोखात कुणीतरी बसलं होतं. मृणाल त्यांच्याशी बोलत बसली, मी आत जाऊन उद्याच्या बोलण्याची उजळणी केली. जेवायला तळलेले तारले होते, कुरकुरीत, काट्यासकट खाण्यासारखे. मी मागून मागून खाल्ले. मृणाल मला वाढत होती आणि मधेच माझ्याकडे बघत होती. मी तिला समुद्राबद्दल बरंच काही बोललो.

पुन्हा मालवण

सकाळी बैठक सुरू झाली. पडद्यावर समितीतली मंडळी चौकटीचौकटीत बसली होती. मी घसा खाकरला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मृणाल, आधी तुमचं केंद्र."

"आधी एक चूक सांगते," मृणाल म्हणाली. "माझ्याकडे एकाच घरातल्या पेशंटांनी औषधं वाटून घेतली आहेत. किती घरांत, ते कळायला लागलंय, अजून कळेल. त्यांची चूक नाही. आम्ही ज्या शब्दात समजावलं त्या शब्दाचा त्यांनी बरोबर अर्थ घेतला, आम्हीच पुढचा विचार केला नाही. मी घरोघरी जाते, पण डोळे पाहून परतते, बाटल्या कधी पाहिल्या नाहीत. ते पेशंट अभ्यासाच्या हिशेबातून वगळावे लागतील, उपचार मात्र चालूच राहतील. आणि यापुढे एका घराला एकच नंबर द्यावा, घरी जाऊन बाटल्या पाहाव्यात, असं मला वाटतं." मग तिनं माझ्याकडे हात केला. "हे श्रीकांतमुळे उजेडात आलं. काल एका घरी त्यानं बाटल्या पाहिल्या."

चौकटीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. "शाब्बास," कुणीतरी म्हणालं. मी मान हलवली. आंघोळ करतानाही घोकलेलं भाषण तोंडातच विरघळलं.

बैठक संपल्यावर मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"काल पडवीत सुलभावैनी होत्या. तू त्यांच्याकडून निघालास आणि त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बस पकडून आल्या." मृणालनं त्यांचाच सूर काढला, "तुझो तो डॉक्टर बाटले बगून गप झालो. थेंब घेतल्यान नाय, वाटोय घेतल्यान नाय. आमचा काय चुकला गो?" आणि परत आपल्या सुरात म्हणाली, "मग आज उजाडल्यावर फिलोमिनाबाई जवळच्या घरांत जाऊन आल्या. सगळ्यांनी आपणहून सांगितलं. लपवायचं काय त्यात? त्यांना वाटत होतं आपण नीटच करतोय."

"मग काल जेवताना मला का नाही विचारलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "आणि ते तारले तुझेच होते. वैनी तुझा वाटा घेऊन आल्या होत्या."

मी पिशवी आवरायला घेतली. लाकडी द्राक्षं तळाशी होती, ती काढून मी तिच्या टेबलावर ठेवली आणि निघालो.

नाशिक

महिन्याभरात समितीचा निर्णय आला. मोठा अभ्यास नाशिककडे. कारण दिलं होतं की पेशंट गळाले असले तरी नाशिक केंद्रात औषधांची एकही गडबड सापडलेली नाही, आणि तिथल्या डॉक्टरची नजर बारीक आहे. मी पेढे वाटले. नियम मात्र मृणालने सुचवलेले होते, एका घराला एकच नंबर आणि डॉक्टरने स्वतः घरी जाऊन पाहायचं.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या घरी निघालो. पहिलं घर बाळासाहेबांचं निवडलं. दिंडोरीकडची त्यांची बाग, माझ्या केंद्रातला सगळ्यात शिस्तीचा पेशंट. एकही तारीख चुकवली नाही, रिकामी बाटली कधी आणली नाही, पण नवी न्यायला वेळेवर हजर. मृणालला दाखवावा असा माणूस.

मला पाहून घरातले सगळे उभे राहिले. प्लास्टिकची खुर्ची दोनदा पुसली. बाळासाहेबांच्या पत्नीनं कपाटातले ठेवणीतले कप काढले. चहा इतका गोड की मानच द्यायचा होता हे स्पष्ट होतं.

"थेंब घालता ना वेळेवर?"

"एकदम टायमावर साहेब," बाळासाहेब म्हणाले.

"चुकतच नाहीत," त्यांची पत्नी म्हणाली. "मी आठवण करते ना."

त्यांच्या मागे काचेचं शोकेस होतं. त्यात बैलपोळ्याला जिंकलेली ढाल, एक बंद पडलेलं घड्याळ, आणि त्याच्या बाजूला माझ्या बाटल्या. एका ओळीत मांडलेल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकीचंही सील फोडलेलं नव्हतं.

मी त्या बाटल्यांकडे पाहिलं, मुद्दाम, त्यांना कळेल इतका वेळ. बाळासाहेबांनीही मागे वळून पाहिलं आणि त्यांची पत्नी पदर सारखा करायला लागली. मी काही बोललो नाही. मालवणात बोललो नव्हतो तसाच. चहा संपवला, नमस्कार केला, आणि दारापर्यंत पोचवायला आलेल्या दोघांना माझा नंबर पुन्हा एकदा सांगितला. केव्हाही फोन करा म्हणालो.

दवाखान्यात येऊन फोन टेबलावर समोर ठेवला. पेशंट तपासत होतो आणि एक डोळा फोनवर होता. सुलभावैनी तर बस पकडून गेल्या होत्या, इथं नुसतं बटण दाबायचं होतं. कुणीतरी आपणहून खरं सांगावं, एवढं तरी मला मिळावं, मोठं केंद्र गेलं खड्ड्यात, असं त्या दिवशी मनापासून वाटलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कंपाउंडर खुर्च्या उचलून ठेवायला लागला तेव्हा फोन वाजला आणि मी तो झडप घालून उचलला.

मृणालचा होता.

"श्री, अभिनंदन करायचं राहिलंच होतं," ती म्हणाली. "आणि इथं सुलभावैनी बसल्या आहेत तपासायला. मघापासून माझ्या मागे लागल्यात, विचार विचार म्हणून. थांब, त्याच बोलतायत."

फोनमध्ये खरखर झाली आणि मग त्यांचा मोठा आवाज आला, "डॉक्टर, डोळो बरो झालो मां तुमचो?"

"झाला वैनी," मी म्हणालो.

फोन ठेवला. कंपाउंडरला जायला सांगितलं आणि दवाखान्याचा दिवा चालू ठेवून मी तसाच फोनसमोर बसून राहिलो.